शिकूनही काळ्या तरुणांची गाडी अडते कुठं? अमेरिका आणि आपला तालुका

घाटंजी_अभ्यासिका:

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आमच्याकडे घाटंजीच्या (जि. यवतमाळ) अभ्यासिकेत गटचर्चा ठेवली आहे. विषय पोरांनीच काढला. अमेरिकेत काळ्यांना शाळेचा, नोकरीचा, मतदानाचा हक्क कायद्यानं मिळून साठ वर्षं उलटली, तरी तिथला काळा तरुण अजून मागे का? चर्चेला बसणारी पोरं-पोरी पोलीस भरती, वनरक्षक, तलाठीची तयारी करणारी आहेत, काही आयटीआयची. बौद्ध, गोंड, कोलाम, बंजारा, कुणबी, सगळी आहेत. आकडा सांगितला की तो कुठून काढला हे विचारतात, त्यामुळे नुसत्या "शिका" म्हणण्यावर भागत नाही.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. शाळा एकत्र करा असा निकाल १९५४ लाच लागला, मग शाळा आजही वेगळ्या कशा? शिक्षण सारखं असूनही नोकरीत फरक पडतो असं म्हणतात, ते मोजतात कसं? आणि तिथं कोणते उपाय चालले, कोणते फसले? शेवटी हे सगळं आपल्या तालुक्याला कुठं लागू पडतं आणि कुठं पडत नाही, तेही सांगा. भाषण नको, पोरांना विचारायला जागा राहील असं काही द्या.

अर्थ_पुसद:

शाळेचा भाग मी घेतो.

१७ मे १९५४ चा ब्राउन खटला. वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आणि १८९६ पासून चालत आलेलं "वेगळे पण समान" हे तत्त्व शाळांपुरतं मोडीत काढलं. पण मुदत दिली नाही. अंमलबजावणीचा आदेश १९५५ ला आला, त्यात "विचारपूर्वक पण वेगानं" अशा अर्थाचे शब्द होते. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातलं "विचारपूर्वक" तेवढं उचललं. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं तर कमाल केली. गोरी आणि काळी मुलं एकत्र बसवण्यापेक्षा १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं सरकारी शाळांनाच कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळ्या मुलांपैकी ज्यांना बाहेरगावी नातेवाईक होते ती तिकडे गेली, बाकीच्यांची वर्षं गेली. ही मुलं पुढे कामाला लागली तेव्हा अर्जावर "शिक्षण: पाचवी" असंच दिसणार, कुलपाचा उल्लेख कुठंच नाही.

पुढचा घाव १९७४ चा. डेट्रॉइट शहरातली गोरी कुटुंबं उपनगरात निघून गेली होती. शहरातल्या शाळांत बहुतेक काळी मुलं उरली. शहर आणि उपनगरं मिळून एकच योजना करा, असं खालच्या न्यायालयानं सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ते फिरवलं. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालं नाही, तर त्यांना यात ओढता येणार नाही, असा तो निकाल. म्हणजे शाळा-जिल्ह्याची हद्द ओलांडली की ब्राउनचा निकाल मागे राहिला.

आता पैसा. इथंच आपल्या पोरांची समजूत चुकते, कारण आपल्याकडे झेडपीच्या मास्तरचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. तिथं शाळेच्या खर्चातला निम्म्याच्या आसपासचा वाटा स्थानिक पातळीवर उभा राहतो, आणि त्यात मुख्य भाग घर-जमिनीवरच्या कराचा. समजा घाटंजीच्या शाळेचा अर्धा खर्च घाटंजीच्या घरपट्टीतून आणि नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या शाळेचा अर्धा खर्च तिथल्या घरपट्टीतून भागवायचा ठरला, तर काय होईल?

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत नेमकं हेच कोर्टात गेलं. एजवुड हा गरीब शाळा-जिल्हा, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांचा. अलामो हाइट्स हा श्रीमंत. १९६७-६८ मध्ये एजवुडचा कराचा दर १०० डॉलर मालमत्तेमागे १.०५ होता, अलामो हाइट्सचा ०.८५. गरीब जास्त दरानं कर भरत होते. तरी स्थानिक करातून एजवुडला प्रत्येक मुलामागे २६ डॉलर मिळाले आणि अलामो हाइट्सला ३३३. राज्याची आणि केंद्राची भर पडल्यावरही ३५६ विरुद्ध ५९४ असा फरक उरला. १९७३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेत मूलभूत हक्क नाही, ही पद्धत चालू द्या. पुन्हा पाच विरुद्ध चार. तो खटला मेक्सिकन पालकांचा होता, पण काळ्या वस्त्यांच्या शाळाही त्याच निकालाखाली आल्या.

आणि काळ्या वस्त्यांत घरांच्या किमती कमी का? १९३० च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेनं दोनशेवर शहरांचे नकाशे केले. काळ्यांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगात, म्हणजे "धोक्याच्या". सरकारी कर्जहमी देणारी यंत्रणाही त्याच विचारानं चालली. कर्ज नाही म्हणून घराला किंमत नाही, किंमत नाही म्हणून कर नाही, आणि कर नाही म्हणून शाळेत भौतिकशास्त्राचा मास्तर नाही. फळ्यावर एवढी साखळी काढली तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाका. तिथं आपल्यासारखं आरक्षण कधीच नव्हतं. विद्यापीठ प्रवेशात ठराविक जागा राखून ठेवायला १९७८ लाच मनाई झाली. वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून बघता येत होता, तेही जून २०२३ च्या निकालानं बंद केलं.

झरीचा_मास्तर:

पैशाचं बरोबर आहे, पण शाळेच्या आतही एक चाळणी असते.

पहिली चाळणी शिस्तीची. २०१३-१४ च्या सरकारी आकड्यांत तिथल्या सरकारी शाळांत काळी मुलं साधारण १५.५ टक्के होती, आणि शाळेतून काही दिवस काढून टाकलेल्यांत सुमारे ३९ टक्के. मारामारी, हत्यार अशा बाबतीत नियम स्पष्ट असतो. "उद्धटपणा", "अवज्ञा" हे मास्तरच्या नजरेवर ठरतं, आणि भेद शिरायला जागा तिथं मिळते. काढलं की धडा बुडतो, धडा बुडाला की वर्ग बुडतो. चर्चेत पोरांना विचारा, आपल्या शाळेत पहिल्या बाकावर कोण बसतं आणि वर्गाबाहेर उभं कोण राहतं.

दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. ब्राउन निकालानंतर शाळा एकत्र झाल्या तेव्हा बंद पडल्या त्या बहुतेक काळ्यांच्या शाळा. दक्षिणेत हजारो काळ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली, मास्तर गेला नाही. याचा परिणाम किती? नॉर्थ कॅरोलायनातल्या नोंदी घेऊन अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ ला मोजलं. तिसरी ते पाचवीत एक तरी काळा शिक्षक लाभला, तर अतिशय गरीब घरच्या काळ्या मुलग्यांचं पुढे शाळा सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. एक शिक्षक, एक वर्ष.

हे आपल्या झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, लावून बघा. पोर पहिलीत येतं ते कोलामी बोलत. मास्तर मराठीत विचारतो, पोर गप्प बसतं, आणि हजेरीपटाशेजारी शेरा पडतो "मंद". सहा महिन्यांत तेच पोर घरी राहायला लागतं. कोलामी येणारी अंगणवाडी सेविका किंवा स्वयंसेवक पहिली दोन वर्षं वर्गात असला तर गप्प पोर बोलतं, कारण त्याला उत्तर येत असतं, अडलेली असते भाषा. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात आणि वर्ग असतात पाच. त्यातला एक शिक्षक माहिती भरण्यात, बैठकीत, खिचडीच्या हिशेबात. मग पहिलीकडे बघतो कोण?

नाव_नको:

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. नोकरीतला भेद मोजायची पद्धत सोपी आहे, पण ती नीट समजावून द्या, नाहीतर पोरं म्हणतील "त्यांचं शिक्षणच कमी असेल".

दोन अर्ज बनवायचे. शिक्षण, अनुभव, टायपिंग, पत्ता सगळं तोडीस तोड. फरक फक्त नावात. एकावर ऐकताच गोरं वाटेल असं नाव, एमिली किंवा ग्रेग. दुसऱ्यावर ऐकताच काळं वाटेल असं, लकिशा किंवा जमाल. कोणत्या अर्जावर कोणतं नाव ते चिठ्ठ्या काढून ठरवायचं, म्हणजे बनवणाऱ्याचा हात लागत नाही. मग खऱ्या जाहिरातींना अर्ज पाठवायचे आणि किती ठिकाणांहून फोन येतो ते मोजायचं. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोत साधारण १,३०० जाहिरातींना ५,००० च्या आसपास अर्ज पाठवले, निष्कर्ष २००४ ला छापले. गोऱ्या नावाला ९.६५ टक्के फोन, काळ्या नावाला ६.४५. गोऱ्याला दहा अर्जांत एक फोन, काळ्याला पंधरा अर्जांत एक. त्याहून बोचणारी गोष्ट ही की चांगला अर्ज केल्यानं गोऱ्या नावाचे फोन बरेच वाढले, काळ्या नावाचे फारसे नाही. शिक्षणाचा मोबदला दोघांना सारखा मिळत नाही, तो इथं दिसतो.

डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकीत ३५० मालकांकडे प्रत्यक्ष तरुण पाठवले. अंगकाठी, बोलणं, कपडे सारखे. काहींच्या अर्जात तुरुंगवास दाखवला, काहींच्या नाही. परत बोलावणं आलं ते असं: गोरा, तुरुंगवास नाही, ३४ टक्के. गोरा, तुरुंगवास आहे, १७. काळा, तुरुंगवास नाही, १४. काळा, तुरुंगवास आहे, ५. हे चार आकडे फळ्यावर लिहा आणि मधले दोन शेजारी ठेवा. तुरुंगातून आलेल्या गोऱ्याला स्वच्छ काळ्यापेक्षा जास्त बोलावणी. पोरं आपोआप बोलायला लागतील.

आता आपलं. हीच पद्धत भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वापरली, २००७ ला प्रसिद्ध झाली. थोरात सर आपल्या अमरावती जिल्ह्यातलेच, हे पोरांना जरूर सांगा. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज. पदवी सारखी, आडनाव वेगळं: उच्चवर्णीय हिंदू, दलित, मुस्लिम. पुढच्या फेरीला बोलावलं जाण्याचा संभव उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघाला. सरकारी भरती यात नाही, हे लक्षात घ्या. आमची पोरं सरकारी भरतीच्या मागे का लागतात याची टिंगल करणाऱ्यांनी हा आकडा बघावा. जिथं आडनाव बघून दार लागतं तिथं रांगेत उभं राहण्यापेक्षा गुणांची यादी भिंतीवर लागते तिथं पोरं जातात, यात गैर काय आहे?

त्याच सुमाराचा दुसरा अभ्यास दिल्लीकडच्या मोठ्या कंपन्यांतल्या भरती करणाऱ्यांच्या मुलाखतींचा. जात बघत नाही म्हणतात सगळे, आणि मुलाखतीत "वडील काय करतात, घरची पार्श्वभूमी काय" हे हमखास विचारतात. शेतमजुराच्या पोरानं तिथं काय सांगायचं, याची तयारी आपण करून घेत नाही.

अटी घालून गाळणं हाही प्रकार आहे. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचं वीजकेंद्र होतं. नागरी हक्कांच्या कायद्यातला नोकरीचा भाग २ जुलै १९६५ ला लागू झाला, त्याच दिवसापासून कंपनीनं चांगल्या विभागांसाठी लेखी परीक्षांची अट आणली, हायस्कूल पदविकेची अट आधीपासून होतीच. तोवर काळे कामगार फक्त हमालीच्या विभागात होते. पदविका नसलेले जुने गोरे कामगार त्या विभागांत व्यवस्थित काम करत होते, म्हणजे कामाला पदविका लागत नव्हती. १९७१ ला न्यायालयानं सांगितलं, अट दिसायला सारखी असली तरी कामाशी तिचा संबंध दाखवता आला नाही आणि एकच गट गळत असेल, तर ती चालणार नाही. आपल्याकडे हेल्परच्या जागेला "उत्तम इंग्रजी आवश्यक" असं छापलेलं दिसलं की हा खटला आठवावा.

पांदण_रस्ता:

राजेहो, समदं खरं हाये, पण अमेरिकेचं काहून घेऊन बसले? अठी नोकरीच नाही तं भेदभाव कोनाशी कराव? आमच्या गावातून सकाळची यष्टी गेली की दुसरी दुपारी. नागपूरकडच्या बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्टले पोट्टं पोचन कसं? आधी कारखाना आना, मंग आडनावाचं पाहू.

अर्थ_पुसद:

@पांदण_रस्ता, तुमचा प्रश्न तिथल्या अभ्यासातला मोठा प्रश्न आहे, टाळायचा नाही. जॉन केन या अर्थशास्त्रज्ञानं १९६८ ला हेच मांडलं. नोकऱ्या उपनगरात सरकल्या, काळ्यांना तिथं घर मिळत नव्हतं, आणि शहरातून तिकडे जायला धड बस नव्हती. तुमची यष्टी आणि त्यांची बस, अडचण एकच.

१९१० ते १९७० मध्ये साठ लाखांच्या आसपास काळे लोक दक्षिणेतली शेती सोडून उत्तरेच्या कारखान्यांत गेले. शिक्षण बेताचं असलं तरी मोटारीच्या कारखान्यात युनियनचा पगार मिळे, त्यावर घर उभं राही. मग कारखाने हलले, यंत्रं आली. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० ला साडेअठरा लाख होती, २०१० ला सव्वासात लाखांच्या आत आली. २०१३ ला शहरानं दिवाळं जाहीर केलं. कमी शिक्षणावर मिळणारी बऱ्या पगाराची नोकरी गेली तेव्हा सर्वांत आधी रिकामा झाला तो शेवटी भरती झालेला काळा कामगार. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली, तिच्या आणि मॉडेल मिलच्या भोवती दलित कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या, शाळा निघाल्या, चळवळ पोसली गेली. मिल गेल्यावर त्याच घरातल्या पुढच्या पिढीला काय मिळालं, हे पोरांना शोधायला लावा.

पण "आधी कारखाना, मग आडनाव" एवढं पुरत नाही. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१८ ला दोन कोटी मुलांच्या नोंदी तपासल्या. एकाच उत्पन्नाच्या घरांतले, एकाच वस्तीत वाढलेले मुलगे घेतले तरी मोठेपणी काळ्या मुलग्याची कमाई गोऱ्यापेक्षा कमी. श्रीमंत घरातसुद्धा. मुलींच्या कमाईत तो फरक जवळपास नाही. म्हणजे घरात पैसा असूनही मुलग्याला काहीतरी अडवतं. वर दिलेले मिलवॉकीचे आकडे याच्या शेजारी ठेवून वाचा.

निदेशक_वणी:

काय चाललं, काय फसलं, ते मी घेतो. मग आपल्याकडचं.

चाललेल्यांत पहिलं नाव करिअर अकॅडमीचं. मोठ्या हायस्कूलच्या आतच दीडशे-दोनशे मुलांची छोटी शाळा, एक व्यवसायक्षेत्र धरून, जवळच्या मालकांशी बांधलेली, शिकता शिकता प्रत्यक्ष कामाचा अनुभव. प्रवेश चिठ्ठ्या काढून दिला, म्हणून नंबर न लागलेल्या मुलांशी केलेली तुलना भक्कम आहे. मुलं बहुतेक काळी आणि लॅटिनो. शाळा सुटल्यावर आठ वर्षांचा हिशेब २००८ ला आला: कमाई वर्षाला सरासरी ११ टक्के जास्त, मुलग्यांची १७ टक्के. गंमत अशी की परीक्षेतले मार्क वाढले नव्हते. मार्कांवर मोजलं असतं तर योजना फेल ठरवून बंद केली असती.

दुसरं, एक वर्षाचा इयर अप नावाचा कार्यक्रम. सहा महिने वर्ग, सहा महिने कंपनीत काम, दोन्ही काळ विद्यावेतन. कमाईतली वाढ वर्षाला सात हजार डॉलरच्या वर. पण ते निवडून मुलं घेतात, सर्वांत अडलेला मुलगा तिथं पोचत नाही, हे विसरू नका.

अर्धं चाललेलं म्हणजे शिकागोची २०१२ ची उन्हाळी नोकरी. आठ आठवडे, अर्धवेळ, किमान वेतनावर. पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांत अटक होण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी. नोकरीत मात्र पुढे फरक दिसला नाही. आठ आठवड्यांत पोरगा शांत होतो, कारागीर होत नाही.

फसलेलं सांगण्यासारखं आहे. अर्जात "तुम्हाला शिक्षा झाली आहे का" हा रकाना असतो. काळ्यांना त्याचा फटका बसतो म्हणून अनेक ठिकाणी तो काढायला लावला. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये आधी आणि नंतर मिळून १५,००० च्या आसपास अर्ज पाठवून बघितलं. रकाना असणाऱ्या कंपन्यांत आधी गोऱ्याला काळ्यापेक्षा ७ टक्के जास्त फोन होते, रकाना गेल्यावर ४३ टक्के जास्त. माहिती मिळेना म्हणून मालक अंदाज बांधू लागले, आणि अंदाज बांधला तो नाव बघून. हेतू चांगला असला तरी पुढच्या माणसाच्या डोक्यात काय चालतं ते धरलं नाही, तर असं होतं.

आणि कर्ज. तिथं २००८ ला पदवी घेतलेल्यांत चार वर्षांनी काळ्या पदवीधराच्या डोक्यावर सरासरी ५२,७२६ डॉलर होते, गोऱ्याच्या २८,००६. नफ्यासाठी चालवलेली महाविद्यालयं गरीब वस्त्यांतूनच पोरं गोळा करतात. अर्धवट सोडलेला कोर्स आणि पूर्ण कर्ज, याहून वाईट जोडी नाही. "शंभर टक्के नोकरीची हमी" असे फलक आपल्या जिल्ह्याच्या गावातही आहेत. पैसे भरण्याआधी मागच्या बॅचच्या दहा मुलांची नियुक्तीपत्रं मागा. दाखवत नसतील तर उठून या.

आता आपल्याकडची गळती. आपल्याकडे हक्क कागदावर आहे, आणि पोरगं गळतं तेही कागदावरच.

जात वैधता. २००० च्या कायद्यानुसार सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. मानीव दिनांक पाठ करून ठेवा: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, किंवा तहसीलमधली कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची, नक्कल. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झाली असेल तर ती आधी लावा, काम निम्मं होतं. आजोबांच्या उताऱ्यावर "महार" आणि नातवाच्या टीसीवर "बौद्ध" असेल तर घाबरू नका. १९५६ नंतरच्या घरांत असंच असणार, आणि १९९० पासून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. अडतं ते आडनाव बदललेलं असतं तिथं, किंवा आजोबांचं नाव एका कागदावर "सोमा" आणि दुसऱ्यावर "सोमाजी" असतं तिथं. शपथपत्र आणि वंशावळ आधीच जोडा. इंजिनीअरिंग, फार्मसी, नर्सिंगचा विचार असेल तर अकरावीतच अर्ज टाका, सीईटीच्या निकालानंतर धावू नका.

शिष्यवृत्ती. महाडीबीटीवर अर्ज भरताना नेट कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर टाकतात, इथं पहिली चूक. अर्ज त्रुटी दाखवून परत आला की मेसेज कॅफेवाल्याला जातो आणि पोरगं समजतं की मंजूर झालं. दुसरी चूक बँकेची. खात्याला आधार "जोडलेलं" असणं आणि सरकारी पैसा त्या खात्यात वळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पैसा शेवटी जे खातं सरकारी पैशासाठी आधारवर नोंदवलं (सीड केलं) त्यात जातो, आणि ते बरेचदा सिमकार्ड घेताना दुकानदारानं उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं निघतं. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी सीडिंग याच खात्याला करा" असंच म्हणायचं. तिसरी गोष्ट, अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर अडकून पडतो. क्रमांक घेऊन आठवड्याला एकदा कारकुनाच्या टेबलापाशी उभं राहायचं. त्यात लाज कसली? दुसऱ्या वर्षी नूतनीकरण आपोआप होत नाही, तेही लक्षात ठेवा.

शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या कायद्यानुसार तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. एसटीचा विभाग, महावितरण, कोळसा खाणी, सगळे घेतात. फसवणूक होते ती अशी: कंत्राटदार "ट्रेनी" म्हणून पत्र देतो, पोरगं वर्षभर झाडू मारतं किंवा पोती उचलतं, शेवटी प्रमाणपत्र नाही. खूण एकच. शासनाच्या पोर्टलवर तुमच्या नावाचा करार तयार झाला का आणि त्याचा क्रमांक आहे का? नसेल तर ती शिकाऊ उमेदवारी नाही, स्वस्त मजुरी आहे. करार झाला तर शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं.

ट्रेड निवडताना "काय मिळतं ते" घेऊ नका. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. घरची परिस्थिती दुसरं वर्ष ओढू देणार नसेल तर पूर्ण केलेला वेल्डर अर्धवट फिटरपेक्षा बरा. मुलींनी इलेक्ट्रिशियनकडे बघावं, शिवणकामातच कोंबू नका.

घाटंजी_अभ्यासिका:

मनापासून आभार. एक शंका. नावं बदलून अर्ज पाठवायचा प्रयोग आमची पोरं करू म्हणतात. नागपूर, अमरावतीच्या वीस जाहिरातींना. करू द्यावा?

नाव_नको:

नका. वीसमधून काहीच सिद्ध होत नाही. बोस्टन-शिकागोचेच दर धरले तर वीस अर्जांत एकाला दोन फोन आणि दुसऱ्याला एक. तेवढा फरक योगायोगानंही पडतो, आणि उलटा पडला तर पोरं म्हणतील भेदभावच नाही. म्हणून तर त्यांनी हजारोंनी अर्ज पाठवले. शिवाय खोटी माहिती भरलेला अर्ज पोराच्या खऱ्या नंबरावरून गेला तर उद्या त्यालाच त्रास.

निदेशक_वणी:

त्यापेक्षा नोंदवही घाला. गेल्या पाच वर्षांत दहावी झालेली गावातली सगळी मुलं-मुली, फक्त पास झालेली नाही. प्रत्येकाची एक ओळ. रकाने: दहावीचं वर्ष आणि निकाल, जातीचा दाखला आहे का, वैधता कुठवर आली, पुढे प्रवेश कुठं, शिष्यवृत्ती अर्जाची स्थिती, शिक्षण सुटलं तर कुठल्या महिन्यात आणि का, पहिलं काम कशातून मिळालं (जाहिरात, ओळख की कंत्राटदार), नियुक्तीपत्र कंपनीचं की कंत्राटदाराचं, सहा महिन्यांनी तिथंच आहे का. "का" च्या रकान्यात "घरची अडचण" असं लिहू देऊ नका. यष्टी नव्हती, वसतिगृहात नंबर लागला नाही, बहिणीचं लग्न, फीचे किती रुपये अडले, ते लिहा.

झरीचा_मास्तर:

आणि मुलींची ओळ वेगळ्या रंगात. आठवीनंतर आणि बारावीनंतर कुठं थांबते ते पहिल्या दहा ओळींतच दिसेल. माहिती विचारायला पोरासोबत एक पोरगी पाठवा, आया तिच्याशी खरं बोलतात.

पांदण_रस्ता:

यष्टीचा रकाना ठेवा बावा. भरून झाला की त्याची नक्कल मले द्या, आगारात घेऊन जातो.